कडक स्प्रिंग म्हणजे वेगवान गाडी? एका समजुतीचा इतिहास

मानवतच्या बाजारात कापूस उतरवून रिकामा परतणारा टेम्पो तुम्ही बघितला असेल. येताना, भरलेला असताना, तो खड्ड्यांवरून डुलत येतो. जाताना रस्ता तोच, पाटे तेच, पण मागचा हौदा थाडथाड उडतो. स्प्रिंगचा कडकपणा बदललेला नाही. मग बदललं काय?

बदललं ते वजन आणि त्यामुळे वारंवारता, म्हणजे गाडी स्प्रिंगवर एका सेकंदात किती वेळा वर-खाली होते तो आकडा. कडकपणाला वजनाने भागा, वर्गमूळ काढा आणि २π ने भागा. वजन चौपट झालं की वारंवारता निम्मी होते. म्हणून ‘स्प्रिंग किती कडक?’ हा प्रश्न एकटा अपुरा आहे. ट्रॅकवर पळवायच्या स्पोर्ट्स कारचं सस्पेन्शन जुळवणाऱ्यांपैकी अनेक जण सुरुवात मात्र त्याच प्रश्नापासून करतात आणि ‘जितकं कडक तितकं वेगवान’ असं धरून चालतात. ही समजूत आली कुठून, ते आज बघू.

सुरुवात आरामापासून

या विषयाला शिस्त लावणाऱ्यांत मॉरिस ऑली हे नाव मोठं आहे. ते मूळचे रोल्स-रॉइसचे. कंपनीच्या डर्बीच्या कारखान्यात अख्खी गाडी वरून टांगून, झुलवून तिचं जडत्व आघूर्ण मोजत. १९३० मध्ये ऑली अमेरिकेत कॅडिलॅककडे गेले आणि ही मोजण्याची सवय सोबत घेऊन गेले. १९३२ च्या सुमारास त्यांनी एक विचित्र गाडी तयार केली. तिच्या पुढे-मागे वजनं सरकवता येत, स्प्रिंगही बदलता येत. मग माणसं बसवायची, फिरवायचं आणि विचारायचं: आता कसं वाटतं?

त्यातून निघालेला निष्कर्ष असा: पुढची वारंवारता मागच्यापेक्षा थोडी कमी हवी. खड्ड्यात आधी पुढचं चाक जातं, मागचं नंतर. मागची बाजू जरा जलद हलणारी असेल तर ती पुढच्या बाजूला गाठते आणि गाडीचं होडीसारखं पुढे-मागे डोलणं लवकर थांबतं.

पण त्या काळच्या गाड्यांना पुढे सलग आस असायचा. पुढचे पाटे मऊ केले की वेगात चाकं थरथरायची. म्हणून पुढची चाकं एकमेकांपासून सुटी करावी लागली. १९३४ मध्ये जनरल मोटर्सच्या गाड्यांत स्वतंत्र पुढचं सस्पेन्शन आलं, त्यामागे हे कारण होतं. पुढे १९५३ च्या कॉर्व्हेट या स्पोर्ट्स कारची चासी याच ऑलींच्या हाताखाली आखली गेली. म्हणजे स्पोर्ट्स कारला मिळालेली मोजण्याची भाषा आरामाच्या प्रश्नातून जन्मली होती.

मग ‘कडक’ कुठून आलं?

१९७७ मध्ये कॉलिन चॅपमन यांच्या लोटस ७८ ने गाडीच्या तळाखालून जाणारी हवा वापरून गाडी जमिनीवर दाबून धरली. पुढच्या वर्षी लोटस ७९ मध्ये मारिओ आंद्रेत्ती विश्वविजेते झाले. या युक्तीची एक अट होती: तळ आणि रस्ता यांतलं अंतर फारसं बदलता कामा नये. स्प्रिंग मऊ असेल तर हवेच्या दाबाने गाडी बसते, अंतर बदलतं, दाब बदलतो आणि गाडी उसळ्या मारू लागते. उपाय एकच: स्प्रिंग कडक करा.

१९८१ मध्ये ६ सेंटीमीटर अंतर ठेवण्याचा नियम आला. पण ते मोजायचं गाडी उभी असताना! गॉर्डन मरे यांनी ब्रॅबमच्या गाडीला अशी यंत्रणा दिली की वेगात ती हवेच्या दाबाने आपोआप खाली बसे. इतरांनीही तेच केलं. खाली बसल्यावर चाकाला हलायला जागा जवळपास उरत नसे, चालकांची हाडं खिळखिळी होत. अखेर १९८३ पासून सपाट तळ सक्तीचा झाला.

इथे थांबून बघा. कडक स्प्रिंग हे ‘तळाची उंची कशी टिकवायची?’ या प्रश्नाचं उत्तर होतं. प्रश्न मागे राहिला, उत्तर मात्र गॅरेजमध्ये पोचलं.

आकड्यांत बघू

एका चाकावर स्प्रिंगने पेललेलं वजन ३०० किलो आणि चाकापाशी मोजलेला कडकपणा मिलिमीटरला २७ न्यूटन असेल, तर वारंवारता साधारण १.५ हर्ट्झ येते. कडकपणा दुप्पट केला तर ती ३ होत नाही, २.१ होते. हवेचा दाब न वापरणाऱ्या ट्रॅकच्या गाडीला २ ते २.५ च्या आसपासचा आकडा बऱ्याचदा पुरतो.

दुसरी गोष्ट: वळणावर आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर जे एकूण वजन सरकतं, ते मुख्यतः गुरुत्वमध्याची उंची, चाकांमधली रुंदी आणि वळणाचा जोर यांवर ठरतं. स्प्रिंग कडक करून ते फारसं कमी होत नाही. स्प्रिंग आणि अँटी-रोल बार ठरवतात ती पुढच्या-मागच्या चाकांतली वाटणी. पुढची बाजू तुलनेने कडक असेल तर पुढची चाकं आधी पकड सोडतात. मागची कडक असेल तर मागची.

तिसरी: ‘चाकापाशी’ या शब्दाकडे दुर्लक्ष करू नका. चाक १० मिमी हललं आणि स्प्रिंग ७ मिमी दबली, तर चाकापाशी स्प्रिंगचा ०.७ च्या वर्गाइतकाच, म्हणजे जेमतेम निम्मा कडकपणा पोचतो.

हे तुमच्या कामाचं का?

गाडी खाली बसावी म्हणून स्प्रिंग कापणारे सगळीकडे आहेत. आठ वेढ्यांच्या स्प्रिंगचे दोन वेढे कापले की ती सुमारे एक तृतीयांशाने कडक होते. शॉकअप मात्र जुनाच. गुळगुळीत ट्रॅकवर ते खपेलही. उखडलेल्या रस्त्यावर चाक क्षणभर हवेत जातं आणि हवेतल्या चाकाला ना ब्रेक लागतो, ना ते वळतं. तिथे माणूस जाऊ शकतो.

संशोधनातही असंच होतं. एखाद्या शोधनिबंधातला आकडा उचलण्याआधी तो कोणत्या प्रश्नाचं उत्तर होता हे विचारा: वजन किती, रस्ता कसला, हवेचा दाब होता का, टायर कोणते? फॉर्म्युला स्टुडंटच्या गाडीला नियमानेच किमान ५० मिमी चाकाची हालचाल लागते, आणि तिचा वेग फॉर्म्युला वनच्या जवळपासही नसतो. तिला फॉर्म्युला वनचा आकडा कशाला?

प्रस्ताव लिहिताना वहीत दोन रकाने पाडा: डावीकडे आकडा, उजवीकडे त्याचा मूळ प्रश्न. उजवा रकाना कोरा राहिला, तर तो आकडा अजून तुमचा झालेला नाही.