पाळण्यात न दिसलेले पाय

तुमची मुले टोरोंटोत किंवा बॉस्टनमध्ये वाढत असतील, तर हिवाळ्यातली ती पहाट तुमच्या ओळखीची असेल. हातात थर्मास घेऊन तुम्ही रिंकच्या काचेमागे उभे आहात आणि आत एक मुलगा धडपडतो आहे. वर्षभरात तो एकदम ताडमाड वाढला. काल सहज जमणारे वळण आज जमत नाही. ‘याचे पाय जड आहेत’, असे कुणीतरी म्हणते. मुलाचे पाय पाळण्यात दिसतात, ही आपली म्हण. पण आइस हॉकीच्या इतिहासात ती खोटी पाडणारा एक माणूस होऊन गेला.

झ्देनो चारा 1977 साली तेव्हाच्या चेकोस्लोव्हाकियातल्या त्रेन्चीन गावी जन्मला. वडील कुस्तीगीर, 1976 च्या मॉन्ट्रियल ऑलिंपिकमध्ये खेळलेले. मुलाची उंची मात्र थांबेना. ती अखेर 6 फूट 9 इंचांवर गेली. हॉकी सोड, बास्केटबॉल खेळ, असा सल्ला त्याला मिळत राहिला. सल्ला अगदीच अनाठायी नव्हता. बर्फावर वेग येतो तो वाकलेल्या गुडघ्यांतून आणि खाली ठेवलेल्या कमरेतून. बचावपटूला तर समोरच्याकडे तोंड ठेवून उलटे धावावे लागते आणि क्षणात वळावे लागते. हातपाय भराभर वाढत असताना तोल नव्याने शिकावा लागतो आणि त्याला वर्षे लागतात.

1996 मध्ये न्यूयॉर्क आयलँडर्सने त्याला 56 व्या क्रमांकावर निवडले. त्या काळात धिप्पाड बचावपटूंना भाव होता. प्रतिस्पर्ध्याला काठीने अडवणे, धरून ठेवणे याकडे पंच बरेचदा काणाडोळा करत. त्यामुळे पाय मंद असले तरी अंगाच्या जोरावर निभावून जाई. तरीही चार हंगामांत त्याचे गोल बोटांवर मोजण्याइतकेच झाले. 2001 मध्ये, तो 24 वर्षांचा असताना, संघाने अलेक्सेई याशिनला मिळवण्यासाठी त्याला ओटावाला देऊन टाकले. सोबत एक खेळाडू आणि नवोदितांच्या निवडीतला दुसऱ्या क्रमांकाचा हक्कही दिला; त्या हक्कातून ओटावाला जेसन स्पेझा मिळाला. हॉकीच्या इतिहासातल्या सर्वांत फसलेल्या सौद्यांत आज त्याची गणना होते.

पुढे खेळच बदलला. मालक आणि खेळाडूंच्या वादात 2004-05 चा अख्खा हंगाम बुडाला. परतल्यावर लीगने धरपकडीवर कडक शिक्षा सुरू केल्या आणि मधली रेषा ओलांडणाऱ्या लांब पासला मुभा दिली. धरून ठेवण्याची सोय गेली आणि मंद पायांचे बचावपटू उघडे पडले. चाराचे पाय मात्र तोवर तयार झाले होते. आता तीच उंची उपयोगी पडली: लांब पावले, लांब हात आणि नियमात खास सवलत मिळालेली 65 इंची काठी. त्याला वळसा घालून जायचे, तर समोरच्याला फारच दूरून जावे लागे. 2006 मध्ये तो बॉस्टनचा कर्णधार झाला. 2009 मध्ये, वयाच्या 32 व्या वर्षी, सर्वोत्तम बचावपटूची नॉरिस ट्रॉफी त्याला मिळाली आणि 2011 मध्ये बॉस्टनने 39 वर्षांनी स्टॅनले कप उचलला. 2022 मध्ये तो निवृत्त झाला तेव्हा त्याच्या नावावर 1,680 सामने होते. लीगच्या इतिहासात एवढे सामने दुसरा कुठलाही बचावपटू खेळलेला नाही.

प्रत्येक उंच मुलगा चारा होत नाही, हेही खरेच. बहुतेकांचे पाय मागेच राहतात आणि ते खेळ सोडतात. पण या इतिहासात पाहण्यासारखी गोष्ट आहे ती कालावधीची. निवड 19 व्या वर्षी, नॉरिस 32 व्या वर्षी. मधल्या 13 वर्षांत ज्यांनी घाईने निकाल दिला, ते चुकले.

परदेशात आलेल्या आपल्या पिढीला निकालाची घाई जरा जास्तच असते. मुलगा बाराव्या वर्षी कुठे पोहोचला, यावरून आपण त्याचे विसावे वर्ष ठरवून टाकतो. पुढच्या पहाटे काचेपलीकडे तो अडखळला, तर त्याला खुशाल अडखळू द्या. त्याचे पाय अजून वाढत आहेत.