बोटभर विणीची गोष्ट

पुस्तक वाचतां वाचतां मध्येंच उठण्याचा प्रसंग आला, म्हणजे हाताशीं येईल ती वस्तु पानांत घालून पुस्तक मिटलें जातें. कोणी आगगाडीचें तिकीट घालतो, कोणी वाळलेलें पान, कोणी मोरपीस. आणि कोणी तर पानाचा कोपराच दुमडून मोकळा होतो. या अपराधाला ग्रंथप्रेमी मनुष्य सहसा क्षमा करीत नाहीं. या कामासाठीं मुद्दाम विणलेली सुताची अथवा रेशमाची रंगीत पट्टी मराठी घरांत फार जुनी नाहीं. तिचा इतिहास मात्र तिच्या लांबीच्या मानानें पुष्कळच मोठा आहे, आणि त्याचा एक पदर खानदेशांत येऊन पोंचतो.

जुन्या घरांत ग्रंथ म्हणजे पोथी. पोथीचीं पानें सुटीं असत. वाचून झालेलें पान उलटून बाजूस ठेवलें कीं, वाचन कोठवर आलें हें सांगण्यास निराळी खूण लागत नसे. वाचन संपलें म्हणजे पोथी बासनांत गुंडाळून ठेवावयाची. धुळ्याला समर्थ वाग्देवता मंदिरांत शंकर श्रीकृष्ण देव यांनीं जमविलेलीं समर्थ संप्रदायाचीं हस्तलिखितें आहेत. इतिहासाचार्य राजवाडे हे ३१ डिसेंबर १९२६ रोजीं धुळ्यासच वारले, आणि १९२७ सालीं त्यांच्या नांवानें तेथें संशोधन मंडळ निघालें. अशा संग्रहांत ग्रंथ आणि कापड यांचें जुनें नातें ध्यानांत येतें. कापडानें ग्रंथाला बाहेरून सांभाळावें, असें तें नातें होतें. कापड ग्रंथाच्या आंत शिरलें, तें छापील आणि बांधणीच्या पुस्तकाबरोबर.

युरोपांत ग्रंथाच्या पाठीशीं रेशमी फीत जोडण्याची चाल जुनी. पण सुटी, चित्रविचित्र वाचनखूण घरोघर गेली ती एका मोठ्या आपत्तीमुळें. इंग्लंडांतील कॉव्हेंट्री हें शहर रेशमी फिती विणून पोट भरीत असे. १८६० सालीं इंग्लंड व फ्रान्स यांच्यांत व्यापारी तह झाला. फ्रेंच रेशमी मालावरील जकात उठली, आणि कॉव्हेंट्रीचे माग पाहतां पाहतां थंडावले. विणकरांच्या घरीं उपासमार आली. अनेकांनीं देशांतर केलें. टॉमस स्टीव्हन्स नांवाच्या कारखानदारानें त्याच मागांना निराळें काम दिलें. फ्रान्समधील जॅकार्डनें भोकें पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या साहाय्यानें नक्षी आपोआप उठविण्याची युक्ति शतकाच्या आरंभींच काढली होती. तिचा उपयोग करून स्टीव्हन्सनें १८६२ च्या सुमारास चित्रें व अक्षरें विणलेल्या रेशमी वाचनखुणा बाजारांत आणल्या. पुढें त्याच्या नमुन्यांची संख्या नऊशेंवर गेली, आणि १८७९ सालीं यॉर्क येथील प्रदर्शनांत लोकांच्या डोळ्यांदेखत त्यानें रेशमी चित्रें विणून दाखविलीं.

ही कथा सांगतांना तिचा शेवट गोड करण्याचा मोह अनेकांना पडतो. वास्तविक वाचनखुणेनें एक कारखाना तरला. शहराचा फितींचा धंदा कांहीं पूर्वपदावर आला नाहीं. कॉव्हेंट्रीला पुढें जें वैभव मिळालें, तें सायकलींच्या कारखान्यांनीं मिळवून दिलें.

ज्या वर्षीं तिकडे माग बंद पडत होते, त्याच्या दुसऱ्याच वर्षीं, म्हणजे १८६१ सालीं, अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें. लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेनासा झाला, मुंबईच्या बाजारांत भाव भडकले, आणि तापीच्या दोहों कांठच्या काळ्या जमिनीला एकाएकीं सोन्याचें मोल आलें. त्याच दशकांत आगगाडी खानदेशांत शिरली. १८६५ सालीं युद्ध संपलें, आणि भाव चढले होते त्याहून वेगानें कोसळले. शेतकऱ्याच्या हातीं कर्ज राहिलें. कॉव्हेंट्रीचा विणकर आणि खानदेशचा कुणबी यांनीं एकमेकांचें नांवही ऐकलें नसेल. पण दूर कोठें तरी झालेल्या तहानें किंवा लढाईनें दोघांचेंही घर हललें.

पुढें जळगांवास व अमळनेरास गिरण्या निघाल्या. धुळें, पारोळें, एरंडोल या गांवांतील साळी, कोष्टी, मोमीन यांच्या हातमागांवर हातसुताच्या जागीं गिरणीचें सूत चढलें. यावल-रावेरकडील फैजपूर हें गांव तांबड्या व गर्द निळ्या रंगासाठीं आणि छापील कापडासाठीं नांवाजलेलें होतें. तांबडा रंग आलीच्या मुळ्यांचा, निळा निळीच्या झाडाचा. जर्मन रसायनशास्त्रज्ञांनीं १८६८ सालीं तांबडें रंगद्रव्य प्रयोगशाळेंत सिद्ध केलें आणि १८९७ सालीं कृत्रिम नीळ विक्रीस आली. मग झाडामुळ्यांच्या रंगांचें काय झालें असेल, तें सांगावयास नको.

त्याच फैजपुरास डिसेंबर १९३६ मध्यें पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या अध्यक्षतेखालीं काँग्रेसचें अधिवेशन भरलें. खेड्यांत भरलेलें तें पहिलेंच अधिवेशन. शांतिनिकेतनाहून आलेल्या नंदलाल बोस यांनीं बांबूसारख्या गांवच्या साध्या साहित्यानें तेथील टिळकनगर सजविलें, आणि खादी व ग्रामोद्योगांचें प्रदर्शन महात्मा गांधींनीं उघडलें. त्यानंतर दहाच महिन्यांनीं, २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजीं, वर्ध्यास शिक्षणपरिषद झाली आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीनें सात वर्षांचा मूलोद्योगी अभ्यासक्रम आंखला. सूतकाम निवडलेल्या शाळेंत मुलानें आधीं टकळीवर, मग चरख्यावर कातावें आणि शेवटच्या दोन वर्षांत विणावें, अशी त्यांतील पायरी होती.

या योजनेवर परिषदेंतच आक्षेप निघाले. प्रो. के. टी. शहा यांना शाळेनें मुलांच्या श्रमावर आपला खर्च भागवावा ही कल्पनाच पटली नाहीं. शिवाय शाळेंतील फुकट मजुरीचा माल धंदेवाईक कारागिराच्या पोटावर पाय देईल, ही भीति होतीच. आक्षेप हंसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. पारोळ्याच्या साळ्यानें विणलेलें लुगडें आणि शाळेंत विणलेलें लुगडें एकाच बाजारांत आलें, तर नुकसान कोणाचें होणार हें उघड आहे. बोटभर रुंदीची वाचनखूण मात्र कोणाच्याच ताटांतला घांस काढीत नाहीं. ती विणणाऱ्याच्याच पुस्तकांत राहते. दुसरें असें कीं, पूर्ण मागावर बसण्यास पाय पावड्यांपर्यंत पोंचावे लागतात आणि हातांत धोटा फेंकण्याचें बळ लागतें. आठ-नऊ वर्षांच्या मुलास तें यावयाचें कसें? अरुंद पट्टीला यांतलें कांहींच लागत नाहीं, आणि तरीही विणकामाचें कोणतेंच मुख्य अंग तींतून सुटत नाहीं.

अरुंद विणीची विद्या या प्रांताला परकी नव्हे. पटवेकऱ्याचे गोफ व करगोटे, परकराची नाडी, खाटेची नवार, हे सर्व तिच्याच गोतांतले. लहान पट्टीसाठीं माग म्हणजे लांकडाची अथवा जाड पुठ्ठ्याची एक फणी. तींत एक खांच, एक भोंक, पुन्हां खांच, पुन्हां भोंक, अशी रांग असते. ताण्याचा एक धागा भोंकांतून व दुसरा खांचेंतून न्यावयाचा, एक टोंक खुंटीला आणि दुसरें विणणाऱ्याच्या कमरेला बांधावयाचें. फणी वर उचलली कीं भोंकांतले धागे वर जातात, खालीं दाबली कीं खालीं. खांचेंतले आपल्या जागींच राहतात. मधल्या फटींतून बाणा एकदां इकडून, एकदां तिकडून घालावा आणि पट्टीनें दाबून बसवावा. मागाचें सारें रहस्य एवढेंच.

खरी मौज रंगांची. ताणा दाट ओढून घेतला म्हणजे बाणा आंत झांकला जातो आणि सर्व नक्षी उभ्या धाग्यांचीच दिसते. म्हणून नक्षी विणतांना नव्हे, ताणा घालतांनाच ठरते. एक तांबडा, एक पिंवळा असे धागे आळीपाळीनें लावले तर पट्टीवर आडव्या रेघा उमटतात, कारण एका खेपेस सगळे तांबडे वर येतात व दुसऱ्या खेपेस सगळे पिंवळे. एकाच रंगाचे कांहीं धागे शेजारीं शेजारीं लावले तर उभा पट्टा येतो. आणि आळीपाळीच्या ओळींत मध्येंच एका रंगाचे दोन धागे जोडून लावले, तर तेथून पुढें क्रम उलटतो व चौकटी पडतात. पुस्तकांतील गणितानें जें मूल कंटाळतें, तें येथें सम आणि विषम आपण होऊन मोजूं लागतें. बाण्याचा रंग कडेच्या धाग्याचाच घ्यावा, म्हणजे किनारीवर ठिपके दिसत नाहींत.

सुताचा हिशेबही लहानच. चाळीस धागे, प्रत्येक दोन फुटांचा, म्हणजे ऐशीं फूट ताणा. आणि वीतभर विणीला सात-आठ फूट बाणा. एकेरी हातसूत ताण्याच्या ओढीला टिकत नाहीं, म्हणून दुहेरी पीळ द्यावा लागतो. तेव्हां एका खुणेला सुमारें पावणेदोनशें फूट सूत लागलें. खादीच्या जुन्या मापानें चार फुटांचा एक तार व एकशें साठ तारांची एक लटी. म्हणजे एका लटींत तीन खुणा होऊन थोडें सूत उरतें. टकळीवर एक लटी काढण्यास नवशिक्याला किती दिवस लागतात, हें ज्यानें काढली असेल त्यालाच ठाऊक. त्यामुळें उरलेलें सूत कोणी टाकून देत नाहीं.

पहिली पट्टी बहुधा मध्यें बारीक होते. बाणा ओढण्याचा हात सैल-घट्ट होतो, किनार आंत खेंचली जाते, आणि वीतभर अंतरांत रुंदी दोनतीनदां बदलते. दुसऱ्या पट्टींत तें कमी होतें. विणून झाल्यावर दोन्ही टोंकांना चार-चार धाग्यांच्या गांठी मारून बोटभर दशा ठेवाव्या आणि पट्टी ओली करून जड पुस्तकाखालीं, मध्यें कोरें कापड घालून, रात्रभर दाबून ठेवावी. रंग कच्चा असेल तर तो त्या कापडावरच उतरतो, पुस्तकावर नाहीं.