मुदत, मुद्दल आणि एकतर्फी हुकूमनामा: शिरूरच्या शेतकऱ्याला कळलेला इंग्रजी कायदा

डिसेंबर १८७४. न्हावऱ्यापासून जवळच, शिरूर तालुक्यातल्याच करडे गावी कालूराम नावाच्या सावकाराने देशमुखांचे घर पाडावयास घेतले. घर त्याला न्यायालयाच्या हुकूमनाम्यान्वये मिळाले होते. कायद्याच्या लेखी त्याचे काहीच चुकले नव्हते. गावाने मात्र सावकारांवर बहिष्कार टाकला. पुढे १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात दख्खनच्या दंग्यांचा भडका उडाला. जमावाचा रोख होता तो कर्जरोख्यांवर. कागदावर एवढा राग का? त्याचे उत्तर कायद्याच्या तीन शब्दांत आहे.

पहिला शब्द मुदत. ठरावीक काळात दावा न लावल्यास तो बुडतो, हे इंग्रजी कायद्याचे तत्त्व. १८५९च्या कायद्याने साध्या रोख्यास ३ वर्षे दिली. हेतू ऋणकोच्या रक्षणाचा होता. सावकाराने उपाय शोधला: मुदत भरत आली की नवा रोखा लिहून घ्यायचा.

येथेच दुसरा शब्द बदलला, मुद्दल. आपल्याकडील दामदुप्पटाच्या नियमानुसार एका वेळी वसूल होणारे व्याज मुद्दलाहून अधिक असू शकत नसे. समजा, १०० रुपये दरसाल दर शेकडा २४ने घेतले. सहा वर्षांनी व्याज १४४ होते. परंतु दामदुप्पटाने देणे २००वर थांबते. आता तिसऱ्या वर्षी रोखा बदला. थकलेले ७२ रुपये मुद्दलात शिरतात, मुद्दल १७२ होते, आणि सहाव्या वर्षाअखेर देणे २९६च्या घरात जाते. दामदुप्पटाचा भंग मात्र कोठेच नाही! (मला तरी ह्या साऱ्या प्रकरणातली सर्वांत क्रूर गोष्ट हीच वाटते.)

तिसरा शब्द एकतर्फी. प्रतिवादी हजर नसता दिलेला निकाल. शेतकरी कधी भीतीने जात नसे, कधी समन्सच त्याच्यापर्यंत पोहोचत नसे. अंगठा उठवलेला रोखा तेवढा न्यायाधीशापुढे बोले.

१८७९च्या दख्खन शेतकरी कायद्याने पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर ह्या चार जिल्ह्यांत न्यायाधीशास रोख्यामागील संपूर्ण व्यवहार तपासण्यास सांगितले. मुद्दल आणि व्याज वेगळे मांडावयाचे, व्याजावर व्याज नाही. मुदतही वाढली: नोंदलेल्या रोख्यास १२ वर्षे, इतरांस ६.