बजेट ओम्नीचं, वेड गाडीचं : कर्जत-खालापुरात साध्या गाडीचा शौक कसा चालतो?

नेरळ स्टेशनबाहेर माथेरानच्या शेअर टॅक्सीची रांग लागलेली असते. वर्षानुवर्षं ही टॅक्सी म्हणजे मारुती ओम्नी. इंजिन ७९६ सीसीचं, गिअर चार, ताकद जेमतेम ३५ हॉर्सपॉवरच्या आसपास. एवढी ताकद आज एखाद्या बऱ्या बाईकमध्येही असते. तरी ही व्हॅन सगळ्या सीट भरून दस्तुरी नाक्यापर्यंत चढत राहिली. आणि त्याच घाटात मुंबईहून आलेली, तिच्या दुप्पट ताकदीची हॅचबॅक वळणावर अडते, चाकं जागच्या जागी फिरतात, क्लच जळल्याचा वास सुटतो.

गाडीचा शौक फक्त पैसेवाल्यांनी करावा, असं ज्यांना वाटतं त्यांनी या घाटात अर्धा तास उभं राहावं.

ओम्नी चढते, हॅचबॅक का अडते?

नेरळ समुद्रसपाटीपासून सुमारे ४० मीटरवर, तर माथेरान ८०० मीटरच्या आसपास. १९०७ मध्ये सुरू झालेली मिनी ट्रेन ही उंची साधारण २१ किलोमीटरचा वळसा घेऊन गाठते. गाडीरस्ता दस्तुरीपर्यंतची चढण त्याच्या निम्म्याहूनही कमी अंतरात संपवतो. साहजिकच चढ अंगावर येतो.

ओम्नीचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं, पण जोर जातो मागच्या चाकांना. चढावर गाडीचं वजन मागे सरकतं, माणसं आणि बॅगाही मागेच असतात, म्हणजे जी चाकं गाडी ढकलतात तीच रस्त्यावर घट्ट दाबली जातात. अल्टो, वॅगन आर, स्विफ्ट या गाड्या पुढच्या चाकांवर चालतात. चढावर नेमकी तीच चाकं हलकी होतात, आणि रस्ता ओला असला की घसरतात.

दुसरी गोष्ट ड्रायव्हरची. टॅक्सीवाला वळणाच्या आधीच पहिला गिअर टाकतो आणि एका लयीत गाडी काढतो. नवखा माणूस वळणात गेल्यावर गिअर शोधतो, मग अर्ध्या क्लचवर गाडी धरून ठेवतो. उतरणाऱ्याने चढणाऱ्याला वाट द्यायची, हा नियमही अनेकांना माहीत नसतो. चढावर थांबलेली भरलेली गाडी पुन्हा हलवताना काय हाल होतात, ते एकदा केल्याशिवाय कळत नाही.

(गंमत म्हणजे एवढं सगळं करून पोहोचायचं कुठे, तर जिथे मोटारींना बंदी आहे अशा गावी.)

उतार जास्त महाग पडतो

खोपोलीच्या बाजूला बोरघाट आहे. जुन्या रस्त्यावर शिंग्रोबाचं देऊळ लागतं, ड्रायव्हर लोक नाणं टाकतात आणि पुढे जातात. या घाटात उतरताना एक जुनी सवय घातक ठरते, पेट्रोल वाचवायला गाडी न्यूट्रल करणं.

यात पेट्रोलही वाचत नाही. आजच्या फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत गिअर टाकलेला असताना ॲक्सिलरेटर सोडला की इंजिनाला जाणारं पेट्रोल जवळपास बंद होतं, कारण चाकंच इंजिन फिरवत असतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन बंद पडू नये म्हणून पेट्रोल जळतच राहतं. वर गाडी रोखायचा सगळा भार ब्रेकवर येतो. ब्रेक तापतात, पकड कमी होते. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. ते जुनं झालेलं असेल तर उष्णतेने त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल सरळ खाली जातं. म्हणून खालचा गिअर, आणि ब्रेक सतत दाबून न ठेवता थोडा थोडा.

पैसे कमी असतील तर आधी कुठे घालायचे?

टायरमध्ये. अलॉय, स्पॉयलर, मोठा स्पीकर सगळं नंतर. टायरच्या खाचा १.६ मिलिमीटरपर्यंत झिजल्या की टायर बाद. बाजूवर चार आकडी कोड असतो, २३२४ म्हणजे २०२४ चा २३ वा आठवडा. दुकानदार ‘नवा’ म्हणून देतोय तो टायर किती वर्षं पडून होता, हे तिथेच कळतं. त्यानंतर ब्रेक ऑइल, मग कुलंट. तीनही कामं फोटोत दिसत नाहीत, ही त्यांची अडचण.

जुनी गाडी घ्यायची असेल तर पावसाळ्याचा विचार करायलाच हवा. कर्जत परिसरात वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो आणि उल्हास नदी गावालगत वाहते. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून बघावा, टोकाला चिखलाचा डाग असेल तर गाडी पाण्यात गेलेली असू शकते. मॅट उचलून पत्रा बघावा, दाराखालची पट्टी बोटाने दाबून बघावी. इंजिन दुरुस्त होतं, सडलेला पत्रा मात्र खर्च वाढवतच नेतो.

नंबरप्लेटवरूनही थोडं कळतं. या दोन तालुक्यांतल्या जुन्या गाड्यांवर एमएच-०६ म्हणजे पेणचा नंबर दिसतो, नंतरच्या गाड्यांवर पनवेलचा एमएच-४६. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी संपते, मग फिटनेस तपासून ५-५ वर्षांसाठी वाढवावी लागते. स्वस्तात मिळालेली १४ वर्षांची गाडी म्हणून पुढच्याच वर्षी खर्च काढते. गाडी कर्जावर घेतलेली असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ हातात पडल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नयेत. पिवळ्या पाटीची टॅक्सी घेतली तर ती आरटीओतून खासगी करून घ्यावी लागते.

मॉडिफिकेशनचं काय?

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की गाडीचे मूळ तपशील बदलतील असे फेरफार चालत नाहीत. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. रंग बदलला, सीएनजी किट बसवलं तर आरसीवर नोंद हवी. सीट कव्हर, म्युझिक सिस्टीम यांना कुणी अडवत नाही.

एक्स्प्रेस-वेवर रात्री शर्यत लावणं हा वेगळा गुन्हा आहे, कलम १८९. कॅमेरे आहेत हे सोडाच, त्याच रस्त्यावरून दुसऱ्यांची कुटुंबं जात असतात. वेगाची हौस असेल तर एफएमएससीआय ही मोटरस्पोर्टची राष्ट्रीय संस्था आहे. तिच्या मान्यतेच्या ऑटोक्रॉसमध्ये इंजिनाच्या सीसीप्रमाणे गट असतात, त्यामुळे छोट्या गाडीची गाठ छोट्या गाडीशीच पडते.

ओम्नीचं उत्पादन २०१९ मध्ये थांबलं. नेरळच्या रांगेत आता ईको दिसतात. इंजिन १.२ लिटरचं, गिअर पाच, पण जोर अजूनही मागच्याच चाकांना.