मोडीत निघालेली युक्ती

१८८० साली वॉशिंग्टनमधील फ्रँकलिन शाळेच्या गच्चीवरून सम्नर टेंटर सूर्यप्रकाशाच्या झोतातून बोलले आणि सुमारे २१३ मीटरवरील प्रयोगशाळेत अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी ते ऐकले. आवाजाने थरथरणारा पातळ आरसा झोताची तीव्रता कमीजास्त करी. पलीकडे सेलेनियमचा घट त्या बदलाचे विद्युतप्रवाहात रूपांतर करी. संदेश लहरीवर असा चढवणे म्हणजे विरूपण किंवा मॉड्युलेशन, आणि तो उतरवून घेणे म्हणजे अभिज्ञान.

१९७७ मध्ये शिकागो शहरातील टेलिफोन केंद्रे सुमारे अडीच किलोमीटर लांबीच्या काचतंतूंनी जोडली गेली. तंतूंच्या एका जोडीतून ६७२ संभाषणे जात. तत्त्व मात्र बेल यांचेच, तीव्रतेचे: प्रकाश आहे म्हणजे १, नाही म्हणजे ०. प्रकाशडायोडला एवढेच कळते. तंतूतील अवरक्त प्रकाशाची कंप्रता सेकंदाला १९३ लाख कोटींच्या घरात असते. लहर या क्षणी कोणत्या कलेत आहे, हे त्याला कसे कळावे?

यावर युक्ती आहे, आणि ती तंबोरा लावणाऱ्याला ठाऊक असते. दोन तारा जवळजवळ एका स्वरात असल्या की आवाज हेलकावे खातो. तो हेलकावा म्हणजे दोन कंप्रतांमधला फरक. ग्राहकाजवळ दुसरा लेसर ठेवून त्याचा प्रकाश आलेल्या प्रकाशात मिसळला, तर हा फरक डायोडला मोजता येतो, आणि त्यातून कलाही हाती लागते. शिवाय क्षीण संदेशाला बळ मिळते. १९८०च्या दशकात अनेक प्रयोगशाळा या कलासंबद्ध अभिज्ञानामागे लागल्या होत्या. अडचण एवढीच, की दोन लेसर एकमेकांशी जुळते ठेवणे फार कठीण. त्यातच तापमानाने आणि वाकण्याने तंतूतल्या प्रकाशाचे ध्रुवणही बदलत राहते.

१९८७ मध्ये साउदॅम्प्टन विद्यापीठ व बेल प्रयोगशाळा येथे एर्बियमयुक्त तंतूचे प्रवर्धक तयार झाले. क्षीण प्रकाश थेट वाढवता येऊ लागला आणि दुसऱ्या लेसरची गरजच सरली. आम्ही विद्यार्थी होतो तेव्हा पुस्तकातले हे प्रकरण परीक्षेला नसल्याने सरळ ओलांडत असू. ती चूकच झाली.

कारण पुढे प्रश्न क्षीणतेचा उरला नाही, वेगाचा झाला. कलेच्या चार स्थिती वापरल्या तर प्रत्येक स्पंदात २ बिट मावतात. परस्परांना लंब अशा दोन ध्रुवणांत मिळून ४. म्हणजे सेकंदाला ४० अब्ज बिटांसाठी १० अब्ज स्पंद पुरतात (दोषदुरुस्तीचे जादा बिट सोडून). २००८ मध्ये नॉर्टेल कंपनीने अशी यंत्रणा बाजारात आणली. लेसर तंतोतंत जुळवण्याचा हट्ट तिने सोडला होता. कला किती सरकली, ध्रुवण किती फिरले, हे चिप नंतर गणिताने काढते. आमच्या मते दशकभर खपलेल्या संशोधकांची दिशा चुकली नव्हती; इतक्या वेगाने आकडेमोड करणारी चिपच तेव्हा नव्हती.

शहरी जाळ्यांत ही पद्धत उशिरा आली, कारण अंतरे कमी आणि साधा डायोड स्वस्त. २०२० मध्ये ‘४०० झेडआर’ हे प्रमाण ठरले: १६ स्थिती, दोन ध्रुवणे, सेकंदाला ४०० अब्ज बिट, सुमारे १२० किलोमीटरपर्यंत. त्याचे यंत्र तळहातावर मावते आणि मोठ्या संगणक-केंद्रांना जोडते. घरोघरी आलेल्या तंतूंवर मात्र बहुतेक ठिकाणी आजही शिकागोचीच रीत चालते.