जीपगाडीचे वंगण

श्रोतेहो, आज मी आपल्याशी अशा एका वस्तूविषयी बोलणार आहे, की जी सरून जाईपर्यंत तिची आठवण सहसा कोणास होत नाही. ही वस्तू म्हणजे वंगण. मी काही यंत्रशास्त्राचा जाणकार नव्हे. मुलांना इतिहास शिकवणारा एक शाळामास्तर आहे. परंतु राजांच्या लढायांना जसा इतिहास असतो तसा तेलाच्या डब्यालाही असतो, आणि तो ठाऊक नसला तर केव्हा केव्हा त्याची किंमत मोजावी लागते. ती मी एकदा मोजलेली आहे. ती हकीकत ओघाने येईलच.

ज्यांचे बालपण खेड्यात गेले त्यांना बैलगाडीचे वंगण आठवत असेल. दूरच्या वाटेस निघण्यापूर्वी गाडीवान चाक सैल करी आणि एरंडेलात भिजवलेली चिंधी आसाला गुंडाळी. वंगण नसले की चाक कुरकुरे, आस झिजे आणि बैलांना ओढ जड होई. एरंडेल दाट असते, धातूला चिकटून राहते आणि दाबाखाली सहजासहजी निसटत नाही. आपल्या गाडीवानाने पिढ्यानपिढ्या ओळखलेला हा गुण पुढे विमानालाही उपयोगी पडला. १९१४ ते १९१८ च्या महायुद्धातील कित्येक विमानांच्या इंजिनांत सिलिंडरच गरगर फिरत असत. त्यांत पेट्रोल आणि वंगण यांची गाठ पडे, आणि पेट्रोलमध्ये सहजी न विरघळणारे एरंडेल तेथे उत्तम ठरे. चार्ल्स वेकफील्ड यांनी १८९९ मध्ये लंडनमध्ये स्थापन केलेल्या कंपनीने १९०९ मध्ये आपल्या तेलाला ‘कॅस्ट्रॉल’ हे नाव दिले, तेही एरंडेलाच्या इंग्रजी नावावरूनच. एरंडेलाचा दोष एवढाच, की उष्णतेने ते लवकर बिघडते आणि त्याची चिकट राळ बनते. रोज चालणाऱ्या मोटारीला हे परवडणारे नव्हते.

अमेरिकेतील पेनसिल्व्हानियात टायटसव्हिल येथे १८५९ मध्ये एडविन ड्रेक याची विहीर लागली, तेव्हा लोकांना हवे होते ते दिव्याचे तेल. ते काढून घेतल्यावर मागे राहणाऱ्या दाट भागाला फारसे कोणी विचारीत नसे. परंतु १८६६ मध्ये रॉचेस्टर येथे निघालेल्या व्हॅक्यूम ऑइल कंपनीसारख्या उद्योगांनी त्या दाट भागातून उत्तम वंगण काढता येते हे दाखवून दिले. तेव्हापासून प्राण्यांची चरबी आणि बियांचे तेल मागे पडले, आणि जमिनीतून निघालेले तेल यंत्रांचे वंगण झाले.

तरीही वंगण नेमके करते काय, हे बरीच वर्षे कोणास सांगता येत नव्हते. तेलाने पृष्ठभाग गुळगुळीत होतो, एवढीच समजूत होती. १८८३ च्या सुमारास बोशँप टॉवर हा इंग्रज इंजिनिअर रेल्वेच्या आसाच्या बेअरिंगवर प्रयोग करीत होता. तेल सोडण्यासाठी त्याने बेअरिंगच्या माथ्यावर एक भोक पाडले. आस फिरू लागताच तेल आत जाण्याऐवजी त्या भोकातून वर येऊ लागले. त्याने भोकात बूच बसवले. ते बाहेर फेकले गेले. लाकडी खुंटी ठोकली. तीही वर आली. अखेर त्याने तेथे दाबमापक लावला, तेव्हा काटा चौरस इंचास २०० पौंडांच्या पलीकडे गेला. फिरणारा आस स्वतःच तेलाला ओढून आपल्याखाली पाचरीसारखे दाबतो, आणि त्या पातळ थरावर सारा भार तरंगतो, हे त्यावरून उघड झाले. ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी १८८६ मध्ये त्याचे गणित मांडले. सारांश, इंजिन नीट चालते तेव्हा धातू धातूवर घासत नाही; दोहोंमध्ये तेल असते. तेल फार पातळ झाले तर तो थर फाटतो, आणि फार दाट असले तर ते पोहोचावयास हवे तेथे वेळेवर पोहोचत नाही. योग्य तेल निवडणे म्हणजे या दोन संकटांमधली वाट शोधणे होय.

ही वाट दाखवण्यासाठीच डब्यावर आकडा आला. अमेरिकेत १९०५ मध्ये मोटार इंजिनिअरांची संस्था स्थापन झाली. तिच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला ‘एस. ए. ई.’ म्हणतात. १९११ मध्ये तिने तेलांची वर्गवारी दाटपणावरून केली. २०, ३०, ४०, ५० हे आकडे तिथून आले. हे आकडे वजनाचे नव्हेत, शेकडेवारीचे नव्हेत आणि उत्तमपणाचे तर मुळीच नव्हेत. तापलेल्या इंजिनाच्या उष्णतेला तेल किती दाट राहते, एवढेच ते सांगतात. ४० चे तेल ३० च्या तेलाहून दाट असते. चांगले असतेच असे नाही. पुढे थंडीत चालणाऱ्या तेलांसाठी १०, २० अशा आकड्यांपुढे ‘डब्ल्यू’ हे अक्षर आले. ते हिवाळ्याच्या इंग्रजी शब्दाचे आद्याक्षर आहे. उष्णतेने तेल किती पातळ होते हे मोजण्याचे एक मापही १९२९ मध्ये ठरले. त्यात पेनसिल्व्हानियाच्या तेलाला १०० गुण दिले आणि मेक्सिकोच्या आखाताकाठच्या तेलाला शून्य.

परंतु दाटपणा म्हणजे सारे काही नव्हे, हा धडा डिझेल इंजिनाने शिकवला. १९३० नंतरच्या दशकात कॅटरपिलर कंपनीच्या ट्रॅक्टरांत नवी डिझेल इंजिने आली, आणि साध्या तेलावर चालताना त्यांच्या पिस्टनच्या कड्या काजळीने जागच्या जागी चिकटून बसू लागल्या. तेल कंपन्यांनी मग वंगणात अशी द्रव्ये घालून पाहिली, की जी साबणाप्रमाणे काजळी सोडवतात आणि तिला तेलातच तरंगत ठेवतात. असे तेल लवकर काळे होते. पाहणारास वाटते तेल बिघडले. प्रत्यक्षात ते आपले काम करीत असते. मळ इंजिनाला न चिकटता तेलात राहतो आणि तेल बदलताना बाहेर जातो.

या पार्श्वभूमीवर जीप जन्मास आली. अमेरिकन लष्कराला हलकी, चारही चाकांना जोर देणारी गाडी हवी होती. कार्ल प्रॉब्स्ट या इंजिनिअराने आखलेला बँटम कंपनीचा पहिला नमुना २३ सप्टेंबर १९४० रोजी लष्कराच्या हाती पडला. १९४१ मध्ये मोठे कंत्राट विलिस कंपनीला मिळाले आणि पुढे फोर्डनेही त्याच नमुन्याच्या गाड्या केल्या. युद्ध संपेपर्यंत सहा लाखांहून अधिक जीपगाड्या तयार झाल्या. विलिसचे इंजिन चार सिलिंडरांचे, ६० अश्वशक्तीचे.

अशा गाडीचे वंगण निवडणे साध्या मोटारीपेक्षा कठीण असते. जीप चिखलातून आणि चढावरून खालच्या गिअरमध्ये रांगते. इंजिन जोरात फिरते, पण वेग नसल्यामुळे वारा लागत नाही आणि तेल तापून पातळ होते. गाडी उतारावर कलली की तळाचे तेल एका अंगाला जाते आणि पंपाची नळी उघडी पडू शकते. ओढा ओलांडताना आसाच्या पेटीत पाणी शिरले तर आतले तेल दुधासारखे पांढरे होते. धुळीचे तर बोलावयासच नको. युद्धातल्या जीपमध्ये हवा गाळण्यासाठीही तेलाचे एक भांडे होते, आणि त्यात इंजिनाचेच तेल घालावे लागे.

अमेरिकन युद्धखात्याने या अडचणीचा विचार मोठ्या व्यवहारी बुद्धीने केला. हजारो मैल दूरच्या आघाडीवर प्रत्येक गाडीसाठी निराळे तेल पाठवणे अशक्य होते. म्हणून पेट्रोल आणि डिझेल या दोन्ही इंजिनांस चालेल असे, मळ सोडवणारे एक जड कामाचे तेल त्याने नियमात बसवले आणि त्याच्या दाटपणाच्या मोजक्याच प्रती ठेवल्या. कोणती प्रत कोठे, हे हवामानावरून ठरे. जीपच्या १९४४ च्या लष्करी पुस्तकातील तक्ता सांगे : पारा फॅरनहाइट ३२ अंशांच्या वर, म्हणजे पाणी गोठण्याच्या बिंदूच्या वर असेल तर ३० चे तेल, ३२ आणि शून्य यांच्या दरम्यान १० चे. गिअरपेटीसाठी तेल निराळे. उष्णतेत ९० चे, थंडीत ८० चे. दुकानदार कोणत्या तेलाची स्तुती करतो, हा प्रश्नच उरला नाही. हवा किती तापली आहे आणि यंत्राचे काम काय आहे, एवढे दोनच प्रश्न उरले.

या गाड्यांशी आपलाही संबंध आहे. ज्या मराठा पलटणीचे केंद्र आज बेळगावात आहे, तिचे जवान १९४४ आणि १९४५ मध्ये इटलीच्या डोंगरांत लढत होते. नाईक यशवंत घाडगे आणि शिपाई नामदेव जाधव यांना त्याच लढायांत व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्या डोंगरांत जेथे ट्रक पोहोचत नसे तेथे दारूगोळा आणि रसद जीपवर जाई, आणि जीप थांबे तेथून पुढे खेचरांवर. स्वातंत्र्यानंतर महिंद्र कंपनीने मुंबईच्या माझगावात विलिस जीपची जुळणी सुरू केली, आणि युद्धातली ही गाडी जंगलखात्याची, पाटबंधारे खात्याची, दवाखान्यांची आणि शाळांची झाली.

अशीच एक जुनी पेट्रोलची जीप आमच्या शाळेत होती. घाटाच्या माथ्यावरील आमच्या गावाला तेव्हा सकाळची एस. टी. नव्हती. आमच्या शालान्त परीक्षेच्या पहिल्या दिवशी आम्हा सहा मुलांना घेऊन ती जीप तालुक्याच्या गावी निघाली. ड्रायव्हरकाका मोठे काळजीवाहू गृहस्थ. इतकी वर्षे ते पिंपातले सुटे, साधे तेल घालीत. पण मुलांची परीक्षा म्हणून आठवड्यापूर्वीच त्यांनी पदरचे पैसे घालून बाजारातील सर्वांत महाग तेल भरले होते. अर्ध्या चढावर तेलाच्या दाबाचा काटा शून्यावर आला. “काका, काटा पडला,” असे मी म्हणालोदेखील. ते म्हणाले, “बाळा, आता थांबलो तर तुमचा पेपर जाईल.” आणखी दोन वळणे गेली आणि इंजिन मोठा आवाज करून जाम झाले. दुधाच्या टेम्पोतून आम्ही केंद्रावर पोहोचलो तेव्हा अर्धा तास उलटून गेला होता. आत बसू दिले, पण आमच्यातील एकाचा तो पेपर पुरा झाला नाही, आणि त्याचे ते वर्ष गेले.

पुढे मिस्त्रीने इंजिनाखालचे चेंबर उतरवले. तेल ओढणाऱ्या नळीची जाळी काळ्या गाळाने लिंपलेली होती. साध्या तेलाने वर्षानुवर्षे साठवलेला मळ नव्या तेलाने आठ दिवसांत सोडवला होता, आणि तोच जाळीत येऊन बसला होता. तेल खरोखरच उत्तम होते. चूक एवढीच, की ते भरण्यापूर्वी चेंबर उतरवून साफ करावयास हवे होते, किंवा ते थोड्याच दिवसांत पुन्हा एकदा बदलून टाकावयास हवे होते. आमचे मुख्याध्यापक फादर काकांना एक शब्दही रागाने बोलले नाहीत. त्यांनी एवढेच केले, की जीपच्या जुन्या पुस्तकातील वंगणाचा तक्ता स्वतःच्या अक्षरात उतरवून शेडच्या भिंतीवर लावला. काका मात्र त्यानंतर त्या विषयावर कधीच बोलले नाहीत. इतक्या मायेने केलेल्या गोष्टीतून हे असे व्हावे, हे त्यांना अखेरपर्यंत उमगले नसावे.

आज ही निवड एका अर्थी सोपी झाली आहे आणि एका अर्थी अवघड. १९५० नंतर दोन आकड्यांची तेले बाजारात आली. १५-डब्ल्यू-४० याचा अर्थ, थंडीत हे तेल १५ च्या हिवाळी तेलासारखे वाहते आणि तापल्यावर ४० इतके दाट राहते. ग्वाल्हेरसारख्या गावी, जेथे जानेवारीच्या पहाटे गारठा असतो आणि मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तेथे असे तेल बारा महिने चालते. गोव्यात पहिल्या आकड्याची फारशी चिंता नाही. तेथे पावसाळ्यात पाण्यातून गेल्यावर आसाच्या पेटीतील तेल तपासणे अधिक महत्त्वाचे. यंत्राचे काम सांगणारी खूणही निराळी आहे. अमेरिकन पेट्रोलियम संस्थेने १९७० मध्ये ठरवलेल्या पद्धतीनुसार ‘एस’ ने सुरू होणारी अक्षरे पेट्रोल इंजिनांची आणि ‘सी’ ने सुरू होणारी डिझेलची.

अवघड अशासाठी, की नवी इंजिने मोठी नाजूक आहेत. १ एप्रिल २०२० पासून आपल्याकडे लागू झालेल्या ‘भारत स्टेज सहा’ नियमांमुळे डिझेल गाड्यांच्या धुराड्यात काजळी अडवणारा गाळणा आला. वंगणातील काही द्रव्यांची जळून राख होते आणि ती गाळण्यात साठते. म्हणून अशा गाडीला कमी राखेचे तेलच लागते. जुन्या जीपचे आवडते तेल तिच्यात घालणे म्हणजे महागड्या गाळण्याचे आयुष्य आपल्या हाताने कमी करणे होय. उलट, नव्या गाडीसाठी केलेले अतिशय पातळ तेल झिजलेल्या जुन्या इंजिनात घातले, तर भर उन्हात चढावर त्याचा थर टिकेल याची शाश्वती नाही.

म्हणून श्रोतेहो, आपली गाडी नवी असो वा जुनी, आधी तिचे पुस्तक उघडावे. पुस्तक हरवले असेल तर जाणत्या मिस्त्रीला विचारावे, पण नुसते ‘चांगले तेल कोणते’ असे विचारू नये. इंजिन पेट्रोलचे की डिझेलचे, आजवर कोणते तेल घातले, गाडी कोणत्या हवेत आणि कोणत्या वाटेने चालते, हे सारे त्याला सांगावे. आणि दाबाचा काटा पडला वा तांबडा दिवा लागला, तर कितीही घाई असली तरी त्याच क्षणी इंजिन बंद करावे. आमच्या शेडमधील तो तक्ता भिंतीला ओल लागून केव्हाच गळून पडला. परंतु चढ लागला की माझी नजर आजही आपोआप त्या काट्याकडे जाते.