कॉस्प्ले
कॉमिक्स, चित्रपट, ॲनिमे किंवा व्हिडिओ गेम यांतील पात्राचा वेश, बहुधा स्वतः तयार करून, चाहत्यांच्या संमेलनात त्या पात्राच्या रूपाने वावरण्याचा छंद. त्याचा आरंभ सामान्यतः न्यूयॉर्क येथे १९३९ मध्ये भरलेल्या पहिल्या जागतिक विज्ञानकथा संमेलनापासून मानतात. तेथे फॉरेस्ट ॲकरमन व मर्टल डग्लस हे भविष्यकालीन पोशाखांत आले होते आणि दोन्ही पोशाख डग्लस यांनीच तयार केले होते. प्रस्तुत संज्ञा १९८० च्या दशकात जपानमध्ये रूढ झाली.

सुपरहिरोचा अंगाला घट्ट बसणारा पोशाख स्पँडेक्स या ताणल्या जाणाऱ्या कापडाचा शिवतात व शिवणीला नागमोडी टाका घालतात, कारण सरळ टाका कापड ताणताच तुटतो. चिलखत व शिरस्त्राण यांसाठी ईव्हीए फोम हा हलका, लवचिक पदार्थ वापरतात. कागदी नमुन्यांवरून कापलेले त्याचे तुकडे उष्ण हवेच्या झोताने तापवून वळवले, की थंड झाल्यावर आकार टिकून राहतो. मग ते चिकटवून, पृष्ठभागावर अस्तराचा थर देऊन ॲक्रिलिक रंग लावतात.

पोशाख तासन् तास घालावा लागत असल्याने दृष्टी, वायुवीजन व सांध्यांची हालचाल यांचा विचार आधीच करावा लागतो. अनेक संमेलनांत प्रवेशद्वारी नकली शस्त्रांची तपासणी होते आणि वेशधारकाच्या संमतीशिवाय त्याला स्पर्श करणे वा त्याचे छायाचित्र घेणे गैर समजले जाते. भारतात दिल्लीतील २०११ च्या कॉमिक कॉननंतर मुंबई, पुणे आदी शहरांतही अशी संमेलने भरू लागली.